नवजात बाळाचा न्यूमोनिया नोव्हेंबरची वाट पाहत नाही

प्रति,
संचालक, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य;
तसेच सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक

विषय : पहिल्या २८ दिवसांतल्या न्यूमोनियाची कारणं आणि ती जिथे घडतात तिथेच रोखण्याबाबत

महोदय / महोदया,

दर वर्षी १२ नोव्हेंबरला, जागतिक न्यूमोनिया दिनी, बालकांचा न्यूमोनिया रोखण्यासाठीची 'सांस' मोहीम सुरू होते आणि फेब्रुवारी संपेपर्यंत चालते. २०१९ पासूनचा हा क्रम. आशाताई घरोघरी जातात, मुलांचे श्वास मोजतात, लसीकरणाचं कार्ड बघतात, ऊबदार कपडे घाला, चुलीच्या धुरापासून लांब ठेवा असं सांगतात. ही मोहीम हवीच. पण पहिल्या २८ दिवसांचं बाळ तिच्या चौकटीत नीट बसत नाही. पीसीव्हीचा, म्हणजे न्यूमोकोकस जंतूवरच्या लसीचा, पहिला डोस सहाव्या आठवड्यात, पेंटाव्हॅलंट लसीमधला हिब जंतूवरचा घटकही सहाव्या आठवड्यापासून. तोवर तान्ह्या बाळाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. शिवाय त्याला होणारा न्यूमोनिया बहुतेक वेळा या दोन जंतूंचा नसतोच. तो प्रसूतिकक्षातून येतो, ऑक्सिजनच्या बाटलीतून येतो, न धुतलेल्या हातावरून येतो आणि घरी गेल्यावर तेलाच्या वाटीतूनही येतो. त्याला ऋतू नाही. मे महिन्यातही तो होतोच.

तरीही घरचे विचारतात, "गारठा बाधला का हो?" आणि आपली यंत्रणाही कळत नकळत तेच उत्तर मान्य करते. थंडी निर्दोष आहे असं आमचं म्हणणं नाही. अंग गार पडलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो, ते दूध ओढत नाही आणि संसर्गाशी झुंजायची त्याची ताकद कमी होते. म्हणून प्रसूतिकक्षात २५ ते २८ अंश तापमान, बंद पंखा, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा आणि पहिले २४ तास अंघोळ नाही, हे पाळायलाच हवं. पण जंतू गारठ्यातून येत नाही. तो कुठून आला हे शोधलं नाही, तर त्याच वाटेने पुढचं बाळ आजारी पडतं.

शोध घेणं सोपं नाही, हे मान्य. जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत धाप लागलेलं बाळ कमी दिवसांचं असल्यामुळे, फुप्फुसातलं पाणी उशिरा सुकल्यामुळे, शी मिसळलेलं गर्भजल आत गेल्यामुळे किंवा हृदयाच्या दोषामुळेही तसं दिसू शकतं. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया आणि कमी दिवसांच्या बाळाची अपक्व फुप्फुसं पुष्कळदा सारखीच दिसतात. सीआरपी, म्हणजे संसर्गाचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, पहिल्या १२ तासांत भरवशाची नसते. त्यामुळे केस पेपरवर कुणी 'श्वासाचा त्रास' लिहितं, कुणी 'सेप्सिस' (रक्तात पसरलेला संसर्ग), कुणी 'न्यूमोनिया'. महिनाअखेरच्या अहवालात तीन वेगळे आकडे दिसतात आणि कारणाचा रकाना कोराच राहतो.

आता कारणांकडे वळतो. सुरुवात जन्माआधीची.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं हवेने नाही, पाण्याने भरलेली असतात, आणि बाळ श्वासासारखी हालचालही करत असतं. पाणमोट, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी, शाबूत असेपर्यंत हे पाणी जवळपास सुरक्षित असतं. ती फुटली की योनिमार्गातले जंतू वर चढायला लागतात. गर्भजलात संसर्ग झाला की पहिला ट्याँहा फुटण्याआधीच तो बाळाच्या फुप्फुसांत पोचलेला असतो. पाणमोट फुटून १८ तास उलटले की धोका मोजण्याइतका वाढतो. काही नियमावल्या २४ तास धरतात, पण आम्ही १८ धरायला सांगू. आईला ताप, पाण्याला दुर्गंधी, आईची नाडी वेगाने चालणं, बाळाचे ठोके वाढणं ही गर्भजलाच्या संसर्गाची लक्षणं. ती दिसताच आईला शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. बाळंतपण उरकू दे, मग बघू, असं करून चालत नाही.

याच टप्प्यावर एक गोष्ट आमच्या मते सगळ्यात कमी बोलली जाते : आतून केलेल्या तपासण्यांची संख्या. कळांच्या काळात एकही अस्वच्छ तपासणी, किंवा निर्जंतुक हातमोजे घालून केलेल्या तीनपेक्षा जास्त तपासण्या, हा नवजात संसर्गाचा जोखीम घटक म्हणून अभ्यासक्रमातच शिकवला जातो. प्रत्यक्षात काय होतं? बाई आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, तिथे एक-दोनदा तपासणी होते. तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथे पुन्हा. रात्री जिल्हा रुग्णालयात, तिथे सिस्टर, मग इंटर्न, मग रेसिडेंट. प्रत्येक ठिकाणचा मोजणीचा आकडा शून्यापासून सुरू होतो. कुणीच नियम मोडलेला नसतो आणि तरी एकूण बेरीज सात-आठ झालेली असते. पाणमोट नेमकी किती वाजता फुटली हेही चिठ्ठीवर नसतं. "सकाळपासून पाणी जातंय" एवढंच. सकाळ म्हणजे पाच की अकरा, यावर १८ तासांचा हिशेब अवलंबून असतो.

म्हणून आमची पहिली मागणी रेफरच्या चिठ्ठीविषयी आहे. तिच्यावर चार नोंदी छापून घ्याव्यात : पाणमोट फुटल्याची वेळ, आईचा सर्वांत जास्त ताप, गर्भजलाचा रंग आणि वास, आणि आतापर्यंत झालेल्या अंतर्गत तपासण्यांची संख्या. शेवटचा आकडा पुढच्या रुग्णालयाने खोडायचा नाही, त्यात मिळवत जायचं. याला पैसा लागत नाही. पार्टोग्राफवर (प्रसूतीची प्रगती नोंदवायच्या तक्त्यावर) चार तासांनी एक तपासणी पुरते. पाणमोट फुटलेली असेल आणि कळा नसतील, तर बोटं घालून बघण्याचं कारणच उरत नाही.

वारेतून येणारे संसर्ग संख्येने कमी, पण त्यातला सिफिलिस आपण जवळपास पूर्णपणे टाळू शकतो. पहिल्या भेटीतच तपासणी, आणि सापडला तर बेन्झाथिन पेनिसिलिन. क्लॅमिडियाचा न्यूमोनिया उशिरा, एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान दिसतो. बाळाला ताप नसतो, तुटक तुटक खोकला असतो आणि पुष्कळदा आधी डोळे आलेले असतात. ही खूण लक्षात ठेवली की पुरे.

पाश्चात्त्य पुस्तकांत पहिल्या आठवड्यातल्या न्यूमोनियाचं प्रमुख कारण म्हणून ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जंतूचं नाव येतं. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतू सर्वांत पुढे होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या ७२ तासांत आजारी पडलेल्या आणि त्यानंतर आजारी पडलेल्या बाळांतले जंतू जवळपास सारखेच निघाले. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे ओलाव्यात आणि रुग्णालयातल्या वस्तूंवर मुक्काम ठोकणारे जंतू. जन्मून दोन दिवसही न झालेल्या बाळात ते सापडतात, याचा सरळ अर्थ असा की प्रसूतिकक्षापासून वॉर्मरपर्यंतच्या (बाळाला ऊब देणाऱ्या उपकरणापर्यंतच्या) वाटेत आपणच ते त्याला देतो आहोत. हे वाक्य लिहिताना आम्हालाही जड जातं, कारण ते हात आमचेही आहेत.

ओलावा कुठे असतो? ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायर बाटलीकडे बघा. फ्लोमीटरखाली लटकलेली, बुडबुडे येणारी पारदर्शक बाटली. तिच्यात निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर हवं, दोन खुणांच्या मध्ये. रोज ते पूर्ण ओतून टाकायचं, बाटली साबणाने धुऊन निर्जंतुक करायची, कोरडी करायची आणि मग नवं पाणी भरायचं. होतं असं की पाणी खाली गेलं की वरून भर घातली जाते, डिस्टिल्ड संपलेलं असेल तर नळाचंच. चार-पाच दिवसांनी बाटलीच्या आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागतो. खालच्या खुणेजवळ हिरवट कडा दिसते. त्या पाण्यातून गेलेला वायू थेट बाळाच्या नाकात जातो. बबल सीपॅपच्या, म्हणजे नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या, नळीत साचलेलं पाणी हा त्याचाच भाऊ. बाळाची कूस बदलताना नळी वर उचलली की ते पाणी बाळाकडे वाहतं. नळीचा उतार नेहमी बाळापासून लांब ठेवायचा, आणि बाळाला हलवण्याआधी पाणी काढून टाकायचं. तान्ह्या बाळाच्या नाकात शिरायला एक चमचा पाणी पुष्कळ झालं.

सक्शनचंही तसंच. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं तोंड-नाक ओढून काढायची गरज नाही. रडणाऱ्या, धडधाकट बाळाला सक्शन करूच नये, गर्भजलात शी मिसळलेली असली तरी. विनाकारण घातलेल्या नळीने घशाला ओरखडे पडतात, बाळाचे ठोके मंदावतात आणि जंतू खाली ढकलले जातात. गरज असेल तिथे नळी एका बाळाला एकच आणि एकदाच. प्रत्यक्षात मात्र ती धुवायला एकच सलाइनची बाटली, झाकणात सुई खोचून, सबंध पाळीभर चार वॉर्मरना फिरवली जाते. एका बाळाच्या घशातला जंतू दुसऱ्याकडे न्यायला याहून सोपी सोय नाही. १० मिलिलिटरच्या सलाइनच्या कुप्या मागणीपत्रात नियमित असाव्यात. अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) वापरून झाल्यावर नुसती पुसून ट्रेत ठेवणं हाही असाच प्रकार. तिचा झडपेचा भाग सुटा करून, साबणाने धुऊन, २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये किमान २० मिनिटं बुडवून, मग निर्जंतुक पाण्याने नीट विसळून वाळवावी लागते. विसळायचं राहिलं तर त्या रसायनाचाच त्रास बाळाला होतो. त्यासाठी प्रसूतिकक्षात निदान दोन बॅगा हव्यात, नाहीतर पहिली भिजत असताना दुसरं बाळ जन्माला येतं.

एका वॉर्मरवर दोन, कधी तीन बाळं झोपवली जातात. एका पाळीत एका सिस्टरकडे तीन ते चार बाळं असावीत असं निकष सांगतात. रात्री ती आठ-दहा झाली की कुणालाही प्रत्येक बाळाआधी हात धुणं जमत नाही, कितीही प्रशिक्षणं घ्या. आत येताना कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुवायचे, आणि प्रत्येक बाळाआधी व नंतर २०-३० सेकंद हँडरब (हात निर्जंतुक करणारं द्रव) चोळायचा. पण हँडरबची बाटली प्रत्येक वॉर्मरला हवी, दाराशी एक लावून भागत नाही. फाटलेल्या गाद्यांच्या फोममध्ये जंतू महिनोन्‌महिने टिकतो, त्या गाद्या टेपने चिकटवू नका, बदला. डिस्टिल्ड वॉटर, साबण, हँडरब, गाद्या हा सगळा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून करता येतो. त्यासाठी वरून मंजुरी येईपर्यंत थांबायची गरज नाही, एवढं एक परिपत्रक आपण काढलंत तरी पुष्कळ कामं सुटतील.

आता दूध. फुप्फुसात गेलेलं दूध हा जंतूशिवाय सुरू होणारा आणि मग जंतूंना बोलावणारा न्यूमोनिया. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा ताल जमत नाही. त्याला नळीने, किंवा जरा मोठं असेल तर पालाडीने (चोचीच्या छोट्या वाटीने) पाजावं लागतं. नळी आत नीट गेली का हे प्रत्येक वेळी पाहायचं, कारण बाळ ती बाहेर ओढतं आणि टोक अन्ननलिकेतच राहतं. दूध सिरिंजच्या दट्ट्याने ढकलायचं नाही, दट्ट्या काढून सिरिंज वर धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं. पालाडीने पाजताना बाळ जागं हवं, डोकं-खांदे उचललेले हवेत, आणि थेंब गिळल्याचं दिसल्यावरच पुढचा. रडणाऱ्या, आडव्या बाळाच्या तोंडात बोंडल्याने दूध ओतायचं, हे घरोघरी चालतं. रडताना बाळ आत श्वास घेतं तेव्हा स्वरयंत्र उघडं असतं. दूध नेमकं तिथेच जातं.

डिस्चार्जनंतरच्या गोष्टी आशाताईंच्या प्रशिक्षणात याहून ठळक यायला हव्यात. सगळ्यात आधी तेल. मालिशवाली बाई अंघोळीआधी नाकात तेलाचे दोन थेंब सोडते, सर्दी होऊ नये म्हणून. पाणी श्वासनलिकेत गेलं की बाळ ठसकतं. तेलाने ठसका येतोच असं नाही. ते गुपचूप खाली उतरतं, फुप्फुसाला ते पचवता येत नाही, बाहेर टाकताही येत नाही. एक्स-रेतली सावली आठवडेच्या आठवडे जात नाही आणि प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. अंगाला तेल लावा, टाळूवर लावा. नाकात आणि कानात नाही, आणि तोंडात बोट घालून टाळा उचलणंही नाही. आजीला "मालिश बंद करा" म्हटलं तर ती ऐकणार नाही आणि तिने ऐकावं असंही काही कारण नाही. "नाकात तेल नको" एवढंच सांगितलं तर ऐकते.

दुसरी शेगडी. बाळंतिणीच्या खोलीचं दार-खिडकी बंद, खाटेखाली निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, धूप, आणि अंघोळीनंतर बाळाला त्या धुरावर धरायचं. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्याच्या श्वासनलिकेचं अस्तर त्या धुराने सुजतं आणि कफ वर ढकलणारे बारीक केस थिजतात. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू आईलाही घातक. ऊब हवी तर आईच्या कुशीची, कांगारू पद्धतीने. टोपी, मोजे आणि गोधडी आहेतच. वेखंडाची पूड किंवा पावडर अंगावर भुरभुरवणं, सहाणेवर उगाळलेली गुटी आडव्या बाळाच्या तोंडात चमच्याने सोडणं, आणि बारशाला आलेल्या शिंकणाऱ्या पाहुण्यांनी बाळाचा पापा घेणं, हेही याच यादीतलं. मोठ्या माणसाची साधी सर्दी तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिकांत उतरली की न्यूमोनिया होऊ शकतो.

ओळखण्याबद्दल. या वयात खोकला बहुधा नसतो, ताप असेलच असं नाही, उलट अंग गार लागतं. दिसतं ते असं : दूध ओढेनासं होतं, निपचित पडतं, नाकपुड्या फुलतात, श्वास सोडताना कण्हतं, पोट उडतं, छातीला खड्डा पडतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगाने चालणारा श्वास. मोजायचा पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना, कपडा वर करून पोटाकडे बघत. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळ मध्येच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतं आणि मग भराभर घेतं, ते नैसर्गिक आहे. ६० आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी कमी शिकलेल्या आरोग्यदूतांसाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वासमापक केलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. इतक्या साध्या साधनावर त्यांनी गावातच न्यूमोनिया ओळखून उपचार करता येतात हे दाखवलं, आणि १९९९ साली घरोघरच्या नवजात सेवेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं प्रसिद्ध केलं. आज प्रत्येक आशाताईकडे मोबाइल आहे. तरी आम्हाला मणीच बरे वाटतात, मोजताना नजर पोटावरून हटत नाही.

मेळघाटात पोट उडणाऱ्या बाळाला 'डम्मा' देतात, तापलेल्या सळईचे चटके. ती माणसं लक्षण अचूक ओळखतात, उपचार चुकतो. त्यांना अडाणी म्हणत बसण्यापेक्षा "पोट उडताना दिसलं की भुमकाकडे (गावातल्या वैदूकडे) जाण्याआधी आशाताईला हाक मारा" हे त्यांच्या बोलीत सांगितलं तर पहिले काही तास वाचतात. आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आहेत, घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. तिसरा आणि सातवा दिवस चुकू नये, बाकीच्यांपेक्षा यांचं मोल जास्त आहे. धोक्याचं लक्षण दिसल्यावर बाळाला रुग्णालयात पाठवण्याआधी एएनएमने (उपकेंद्रातल्या परिचारिकेने) जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि अमोक्सिसिलिनचा पहिला डोस द्यावा, हे २०१४ पासूनच्या केंद्राच्या सूचनांत आहे. उपकेंद्रात ही दोन्ही औषधं आणि लहान सिरिंज सतत असायला हव्यात. वाटेत बाळ आईच्या छातीशी, आणि गाडी जिल्हा मुक्कामी पोचण्याआधी तिथे फोन.

आणि एक मागणी रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची. पहिला डोस देण्याआधी १ मिलिलिटर रक्त बाळांसाठीच्या बाटलीत, एवढं प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास व्हायला हवं. कल्चर नसेल तर घाबरून सुरुवातीलाच मेरोपेनेमसारखं राखीव, जबर प्रतिजैविक सुरू होतं आणि थांबवायचं कधी हे कुणालाच ठरवता येत नाही. कल्चर निर्जंतुक आलं आणि बाळ छान असेल तर ४८ ते ७२ तासांत औषध बंद करता येतं. दर महिन्याला कोणता जंतू किती वेळा आला हा एक कागद अधीक्षकांच्या टेबलावर आला, तर क्लेबसिएला तीनदा आल्यावर ते आधी बाटल्या आणि नळ तपासायला सांगतील, नवं औषध मागवायला नाही.

रेफर चिठ्ठीवरच्या चार नोंदी बालमृत्यू अन्वेषणाच्या अर्जातही याव्यात, म्हणजे मृत्यूचं कारण जन्माच्या वेळेपर्यंत मागे नेता येईल. चिठ्ठीचा नमुना आम्ही मराठीत तयार करून द्यायला तयार आहोत. येत्या मासिक आढावा बैठकीत तो विषय घ्यावा, नोव्हेंबरपर्यंत ठेवू नये, ही विनंती.

आपले,
नवजात शिशु कक्षांत काम करणारे बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका